नकाशा, कात्री आणि खळ

नकाशा हा शब्द उच्चारला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे शाळेतील भूगोलाचा तास उभा राहतो. भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला, कापडावर डकवलेला, खाली लाकडी दांडी असलेला तो मोठा नकाशा. कोऱ्या आराखड्यात निळ्या पेन्सिलीने भरायच्या नद्या. आणि परीक्षेच्या शेवटी पुरवणीबरोबर दोऱ्याने बांधायचा तो कागद. शाळा सुटली की नकाशाशी असलेला आपला संबंधही बहुधा सुटतो. आता तर मोबाइलमधील आवाज ‘पुढे डावीकडे वळा’ असे फर्मावतो आणि आपण निमूटपणे वळतो.

याच नकाशाच्या कागदाला कात्री लावून, त्यावर रंग, दोरा, कापडाच्या चिंध्या, जुनी तिकिटे, पत्रांचे कपटे असे नाना पदार्थ डकवून चित्र सिद्ध करण्याची एक कला आहे. कलेच्या परिभाषेत तिला मिश्रमाध्यम म्हणतात. चित्रकलेचे शिक्षण न घेतलेल्या माणसालाही ती साधते, कारण कोऱ्या कागदाची भीती तिच्यात नसते. नकाशा अगोदरच समोर असतो, आपण त्याच्याशी बोलायचे एवढेच. ही कला म्हणजे काय, ती कशी करावी, कशी मांडावी आणि एका बालरोगतज्ज्ञाला तिच्यात रस का वाटावा, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा विचार आहे.

नकाशा निवड करतो

नकाशा म्हणजे जमिनीचे जसेच्या तसे छायाचित्र, अशी आपली समजूत असते. वस्तुतः नकाशा ही निवड असते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकपद्धतीनुसार आपले वडोदरा ४६ एफ/३ या पत्रकावर येते. प्रमाण १ : ५०,०००, म्हणजे कागदावरचे २ सेंटिमीटर हे जमिनीवरचे १ किलोमीटर. या पत्रकावर लोहमार्ग आहे, विश्वामित्रीचे वळण आहे, तळी आहेत. दांडिया बाजारातील कोणत्या वाड्यात गणपती बसतो, कोणत्या गल्लीत संध्याकाळी तालमीचा आवाज येतो, हे मात्र त्यावर नाही. आणि असण्याचे कारणही नाही. सर्वेक्षकाला ज्याची गरज होती ते त्याने ठेवले, बाकीचे गाळले.

आकारांचेही तसेच. १५६९ साली मर्केटर याने खलाशांच्या सोयीसाठी जो जगाचा नकाशा रचला, त्यात ध्रुवांकडील प्रदेश अवाच्या सवा फुगतात. ग्रीनलंडचे क्षेत्रफळ सुमारे २२ लाख चौरस किलोमीटर आणि भारताचे सुमारे ३३ लाख. पण त्या नकाशात ग्रीनलंडपुढे भारत लहानसा दिसतो. मर्केटरने कोणाला फसवले नाही. दिशा अचूक ठेवायच्या तर क्षेत्रफळाचा बळी द्यावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

आम्हां वैद्यकीय व्यावसायिकांना हे नवे वाटू नये, कारण आपल्या शास्त्राच्या इतिहासातच दोन विलक्षण नकाशे आहेत. पहिला डॉ. जॉन स्नो यांचा. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची भयंकर साथ आली. स्नो यांनी घरोघर चौकशी केली, मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाभोवती एकवटले आहेत हे दाखवून दिले आणि ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ त्यापूर्वीच ओसरू लागली होती, आणि प्रसिद्ध नकाशा तर नंतर छापला गेला. पण प्रत्येक मृत्यूमागे घरापुढे एक काळी रेघ, असा तो नकाशा आजही पाहणाऱ्याला गप्प करतो. रस्त्यांचा नकाशा तोच होता. स्नो यांनी त्यावर माणसांचे दुःख मांडले आणि कागद बोलू लागला.

दुसरा नकाशा मेंदूचा. १९३७ साली पेनफील्ड आणि बोल्ड्री यांनी मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा कोणता भाग किती जागा व्यापतो हे एका विचित्र मानवाकृतीने दाखवले. ओठ प्रचंड, जीभ मोठी, हाताचा अंगठा अवाढव्य आणि धड मात्र किरकोळ. प्रथम वर्षाला हे चित्र पाहून आपण सारेच हसलो असू. पण शरीराला स्वतःविषयी जे जाणवते त्याचा तो अधिक खरा नकाशा आहे. फुटपट्टीने मोजलेले माप आणि जाणिवेने मोजलेले माप ही दोन निरनिराळी मापे असतात. नकाशाची कला या दुसऱ्या मापाची कला आहे.

जुनी परंपरा, नवे प्रयोग

ही कला पाश्चात्त्यांकडून आली असे कोणी समजू नये. गुजरात-राजस्थानातील जैन परंपरेत अढाई द्वीपाचे पट कापडावर रंगवले जात. मध्यभागी मेरू पर्वत असलेले वर्तुळाकार जंबूद्वीप, त्याभोवती लवणसमुद्राचे कडे, मग धातकीखंड, मग कालोदधी आणि शेवटी अर्धे पुष्करद्वीप. समुद्रांत मासे आणि पोहणारी माणसे. हा भूगोल पायी चालण्याचा नव्हे, ध्यानाचा आहे. शत्रुंजय पर्वताचे पट तर याहून निकटचे. कार्तिकी पौर्णिमेस पालिताण्याला जाणे ज्यांना शक्य होत नाही असे भाविक आपल्याच गावी त्या पर्वताचा पट उभारून त्याला वंदन करतात. रंगवलेल्या कापडाने यात्रेचे काम करावे, याहून मोठा सन्मान नकाशाला कोणता मिळणार?

आपल्या पूर्वेस छोटा उदेपूर भागातील राठवा आदिवासींच्या घरांत पिठोऱ्याचे भित्तिचित्र असते. नवसपूर्तीसाठी ते विधिपूर्वक घातले जाते, आणि चित्र ‘काढले’ असे न म्हणता ‘लिहिले’ असे म्हणतात. त्यात देवांचे घोडे आहेत, शेत आहे, विहीर आहे, वाघ आहे. काही घरांत आगगाडीसुद्धा आहे. आपले जग कोणत्या वस्तूंनी बनले आहे याची ती भिंतभर नोंदच होय.

आधुनिक काळात या वाटेवरचे एक मोठे काम आपल्याच शहरात झाले, याचा वडोदरेकरांना अभिमान वाटला पाहिजे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललितकला शाखा १९५० साली सुरू झाली. तेथील चित्रकला विभागाची घडी बसवणारे नारायण श्रीधर बेंद्रे हे इंदूरचे मराठी कलावंत. याच संस्थेत शिकलेले आणि पुढे तेथेच शिकवणारे गुलाममोहम्मद शेख यांच्या हाती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत एक चित्रपत्र पडले. त्यावर एब्स्टॉर्फ येथील मध्ययुगीन जगनकाशा छापलेला होता. तेराव्या शतकातील हा नकाशा ३० बकऱ्यांच्या कातड्यांवर काढलेला, सुमारे साडेतीन मीटर लांबरुंद. मध्ये जेरुसलेम, वर पूर्व दिशा आणि जगाच्या वर्तुळाला कवेत घेणारा ख्रिस्त. वर मस्तक, दोहों बाजूंस हात, खाली पाय. मूळ नकाशा १९४३ साली हॅनोव्हरवरील बाँबवर्षावात जळून गेला. आज आहेत त्या प्रतिकृती.

शेख यांनी २००३ च्या सुमारास या जळालेल्या नकाशावर नवे जग वसवायला प्रारंभ केला. संगणकावर नकाशाची प्रतिमा घेऊन तिच्यात भर घालायची, छापायची आणि त्यावर पुन्हा रंगाने हाताने काम करायचे, अशी ही पद्धत. त्यांच्या या मालिकेत कबीर आहे, कांचनमृगामागे धावणारा राम आहे, मजनू आहे, मेरी मॅग्डालीन आहे. एका धर्माच्या कवेतील जग त्यांनी अनेकांच्या कवेत दिले. २००२ साली या राज्याने जे पाहिले त्यानंतर या चित्रांकडे पाहताना त्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

इटलीचे आलिगिएरो बोएत्ती यांनी १९७१ पासून अफगाण स्त्रियांकडून जगाचे नकाशे भरतकामात करवून घेतले. प्रत्येक देश त्याच्या ध्वजाच्या रंगांत. एका वेळी समुद्र निळ्याऐवजी गुलाबी होऊन आला. डोंगराळ, भूवेष्टित देशातील त्या स्त्रियांनी समुद्र पाहिलेला नव्हता आणि तो निळाच हवा अशी त्यांची समजूत असण्याचे कारण नव्हते. बोएत्ती यांनी तो तसाच राहू दिला, एवढेच नव्हे तर पुढे समुद्राचा रंग भरणाऱ्यांवरच सोपवला. १९७९ च्या सोव्हिएत आक्रमणानंतर हेच काम पेशावरच्या निर्वासित स्त्रियांच्या हातून झाले. जगाच्या सीमा शिवणाऱ्यांचे स्वतःचे घर सीमेपलीकडे राहिले होते.

अलीगढमध्ये जन्मलेल्या झरीना (१९३७–२०२०) यांच्या २००१ सालच्या एका लाकडी ठशाच्या मुद्राचित्रात भारत-पाकिस्तानच्या सीमेची केवळ एक काळी रेघ आहे. बाकी कागद कोरा. फाळणीने ज्यांची घरे विभागली त्यांना त्या रेघेत काय दिसत असेल, हे सांगायला त्यांना दुसरे काही काढावे लागले नाही.

मूल नकाशा कसा काढते

आता माझ्या क्षेत्राकडे वळतो. मुलांच्या चित्रांकडे वैद्यकाने गंभीरपणे पाहण्याची परंपरा जुनी आहे. १९२६ साली फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी माणसाच्या चित्रावरून मुलाच्या बौद्धिक विकासाचा अंदाज घेण्याची चाचणी मांडली. भारतीय मुलांसाठी या चाचणीचे रूप सिद्ध करण्याचे काम डॉ. प्रमिला फाटक यांनी केले. अर्भकांच्या विकासमापनासाठी आपण बालरोगतज्ज्ञ आजही जी मापनश्रेणी वापरतो, तिचा पायाही त्यांच्या वडोदऱ्यातील संशोधनात आहे. बालविकासाच्या जगात आपल्या शहराचे नाव त्यामुळे घेतले जाते, हे नव्या पिढीच्या डॉक्टरांना माहीत असावे.

अवकाशाची जाण मुलात कशी वाढते याचा अभ्यास पियाजे आणि इनहेल्डर यांनी १९४८ साली प्रसिद्ध केला. त्याचे सार असे की मुलाला अंतर आणि कोन पुष्कळ उशिरा कळतात. त्याआधी कळते ते आत-बाहेर, जवळ-दूर, उघडे-मिटलेले. तीन-चार वर्षांचे मूल घर म्हणून एक वेटोळे काढते आणि आपण त्याच्या ‘आत’ आहोत हे सांगते. सहाव्या-सातव्या वर्षी रस्ता एका पट्टीसारखा येतो आणि घरे, झाडे त्याच्या दोहों बाजूंस आडवी पडल्यासारखी दिसतात. मोठी माणसे येथे हसतात; पण रस्त्यावरून चालताना घर समोरूनच दिसते, वरून नव्हे. वरून पाहण्याची दृष्टी बहुतेक मुलांना नवव्या-दहाव्या वर्षाच्या आसपास येते. म्हणून लहान मुलाच्या नकाशात ‘प्रमाण चुकले’ असे कधीही म्हणू नये. पेनफील्डच्या मानवाप्रमाणे त्याचे माप जाणिवेचे असते. जे मोठे काढले आहे ते त्याच्या आयुष्यात मोठे असते.

कक्षातील काही नकाशे

थॅलसेमियाच्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. प्रत्येक खेपेस तीन-चार तास हाताला सुई. आमच्या या कक्षात सिकलसेलची मुलेही येतात, बरीचशी पूर्वेकडील आदिवासी पट्ट्यातून. या तासांचे करायचे काय, असा प्रश्न होता. दूरदर्शनसंच होता, मुले पाहत आणि पेंगत. काही वर्षांपूर्वी आम्ही मोकळ्या हातासाठी हे काम सुरू केले. जिल्ह्याच्या नकाशाची छायाप्रत, रंग, कागदाचे कपटे, आणि एकच सूचना : ‘तुझ्या घरापासून इथपर्यंतचा नकाशा कर.’

हे संशोधन नव्हे. मोजमाप केलेले नाही, तुलनागट नाही. परंतु दोन नकाशांविषयी सांगितल्यावाचून राहवत नाही. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पहिला नऊ वर्षांच्या एका मुलीचा. छापील नकाशा तिने चार पट्ट्यांत कापला आणि एकापुढे एक डकवून लांबच लांब वाट केली. घर, एस.टी.ची जागा, रुग्णालयाचे फाटक. त्यानंतर मात्र तिने कागदाचा जवळजवळ अर्धा भाग एका चौकोनाला दिला आणि त्यावर लाल कागद चिकटवला. मी समजलो की ही तिची खाट, म्हणजे सुईची जागा. खाट मात्र कोपऱ्यात, आगपेटीएवढी होती. तो लाल चौकोन रक्तपेढीची खिडकी होता. तिच्यापुढे मुंगीएवढे एक चित्र होते. ‘हे बाबा. ते तिथे जातात आणि खूप वेळ येत नाहीत. कधीकधी रक्त नाही म्हणतात.’ सुईचे भय तिला नव्हतेच. भय होते त्या तासाचे, जेव्हा वडील दिसत नाहीत आणि रक्त मिळेल की नाही हे कोणीच सांगत नाही.

मुलाच्या वेदनेविषयी आपण भरपूर वाचतो. मुलाच्या वाट पाहण्याविषयी फारसे वाचत नाही. त्या नकाशानंतर आम्ही एक साधी व्यवस्था केली. जुळवणीचा नमुना आदल्या दिवशीच घ्यायचा, रक्त राखून ठेवल्याचा निरोप संध्याकाळीच घरी द्यायचा, आणि सकाळी पिशवी आणण्यासाठी कक्षातील सेवकाने जायचे. वडील खाटेशी बसू लागले. पुढच्या काही नकाशांत तो लाल चौकोन लहान होत गेला. एकदा त्याच्या जागी विश्वामित्रीतील मगर आली, तेव्हा परिचारिकांना कोण आनंद झाला!

दुसरा नकाशा अकरा वर्षांच्या एका राठवा मुलाचा. सिकलसेलच्या वेदनांचे झटके त्याला वारंवार येत. त्याने जिल्ह्याचा नकाशा उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर काम केले. वडोदरा त्यात नव्हतेच. प्लास्टरच्या पट्टीचा ओला तुकडा चुरगाळून त्याने डोंगर उभा केला, त्याखाली घर, ओढ्यापलीकडे शाळा आणि शाळेपासून बरेच दूर, कागदाच्या अगदी कडेला, एक हातपंप. ‘एवढा लांब?’ असे विचारले तेव्हा तो म्हणाला की मधल्या सुट्टीत तिथवर जाऊन परत येईपर्यंत घंटा होते, म्हणून तो जातच नाही. सकाळपासून दुपारपर्यंत हा मुलगा पाणी पीत नव्हता. शरीरातील पाणी कमी होणे हे सिकलसेलच्या झटक्याचे एक ठळक कारण आहे, हे येथील वाचकांना सांगायला नको. ‘पाणी पितोस ना?’ या प्रश्नाला तो प्रत्येक वेळी ‘हो’ म्हणत आला होता, आणि ते खोटेही नव्हते. घरी तो पीतच असे. शिक्षकांना चिठ्ठी दिली, बाटली दिली, वर्गात केव्हाही पाणी पिण्याची आणि लघवीला जाण्याची मुभा मागून घेतली. औषधे अर्थातच चालू होती, त्यामुळे पुढे पडलेल्या फरकाचे सारे श्रेय बाटलीला देता येणार नाही. पण तो पंप आम्हाला कोणत्याही केसपेपरवर सापडला नसता.

साहित्य आणि कृती

ज्यांना हे घरी, शाळेत वा आपल्या दवाखान्यात करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे.

मूळ नकाशा कधीही कापू नये. त्याची छायाप्रत घ्यावी. झेरॉक्स किंवा लेझर यंत्रावरची प्रत उत्तम, कारण शाईफवारणीच्या यंत्रावरची प्रत ओल्या गोंदाने फुटते आणि रेषा पसरतात. आधाराला जाड पुठ्ठा घ्यावा. साधा कागद खळीने आक्रसतो आणि वाकतो. चिकटवण्यासाठी फेविकॉलमध्ये पाणी घालून ते ब्रशने लावण्याजोगे पातळ करावे, किंवा मैद्याची खळ शिजवावी. जुने बुकबाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. मुलांच्या हाती जाणाऱ्या खळीत तो कदापि घालू नये; तो विषारी आहे. त्यापेक्षा खळ रोज ताजी करावी.

मग तीन गोष्टी ठरवाव्यात. मध्यभागी काय असेल? कोणती वाट दाखवायची? आणि छापील नकाशातले काय झाकायचे? या तिसऱ्या प्रश्नात खरी गंमत आहे. पांढरा रंग पातळ करून नकोशा भागावर फिरवला की खालची अक्षरे धुक्यातून दिसावीत तशी दिसतात. वाटेसाठी दोरा वापरावा. सुईने पुठ्ठ्याला आधी भोके पाडून घेतली तर मुलांनाही धावदोरा घालता येतो. डोंगरासाठी प्लास्टरची पट्टी, शेतासाठी कापड, नदीसाठी आजीच्या साडीचा काठ. आमच्या एका बाईंनी आपल्या गावची नदी इरकलीच्या काठाची केली होती; ती नदी मी विसरू शकत नाही.

डॉक्टरांच्या घरी आणखी काही खजिना असतो. औषधांची खोकी, जुन्या क्ष-किरण फिल्म, कालबाह्य झालेल्या औषधकंपन्यांच्या दिनदर्शिका. क्ष-किरण फिल्म प्रकाशासमोर धरली की नदीकाठच्या धुक्यासारखी दिसते. मात्र त्यावरील रुग्णाचे नाव आणि क्रमांक कापून टाकावेत. शक्यतो आपली स्वतःचीच फिल्म घ्यावी. ईसीजीचा कागद उष्णतेने काळा पडतो, म्हणून टिकाऊ कामाला तो निरुपयोगी. वापरलेल्या सुया, सिरिंजा, नळ्या यांना कलेत स्थान नाही. त्यांची जागा जैववैद्यकीय कचऱ्यासाठी नेमून दिलेल्या डब्यांत आणि पिशव्यांतच. तीन वर्षांखालील मुले आसपास असतील तर मणी, बटणे, टिकल्या बाहेर काढू नयेत. त्या श्वासनलिकेत अडकतात आणि मग नकाशा बाजूला राहतो.

मांडणी आणि देवघेव

तयार झालेला नकाशा पेटीत ठेवला की अर्धाच राहतो. तो दुसऱ्याने पाहावा, त्यावर बोट ठेवून विचारावे, यात त्याचे सार्थक आहे. आमच्या कक्षाबाहेरच्या व्हरांड्यात दोरी बांधून चिमट्यांनी हे नकाशे लावले, तेव्हा नेहमी एकमेकांपासून दूर बसणारे पालक प्रथमच बोलू लागले. ‘तुम्ही त्याच गाडीने येता होय?’ असा प्रश्न ऐकू आला. दोन कुटुंबे तेव्हापासून एकत्र येतात. एका वेळी एकाचाच रोजगार बुडतो. शहरा-शहरांत नकाशांची देवघेवही करता येते. पोस्टकार्डाच्या आकाराचा नकाशा करून टपालाने पाठवायचा आणि उत्तरादाखल दुसऱ्याने आपल्या गावचा पाठवायचा, हा खेळ माझ्या परदेशी असलेल्या नातवंडांशी माझा चालू आहे. त्यांच्या नकाशात वडोदरा हे एक झोपाळा असलेले गाव आहे. तक्रार नाही, झोपाळा त्यांनी खरोखर मोठा काढला आहे.

काही पथ्ये मात्र पाळावीत. मुलाचे काम लावण्यापूर्वी पालकांची आणि मुलाचीही परवानगी घ्यावी. नको म्हणण्याचा हक्क त्याला आहे. नकाशावर घराचा खरा पत्ता, शाळेचे नाव आणि मुलाचे पूर्ण नाव एकत्र येऊ देऊ नये. आजच्या काळात ते धोक्याचे आहे. मुलाने सांगितलेला अर्थ लिहून घ्यावा, आपण लावलेला नव्हे. काळा रंग दिसला म्हणून खिन्नतेचे निदान करू नये; पुष्कळदा पेटीत तोच एक खडू उरलेला असतो. आणि देशाची बाह्य सीमा असलेला नकाशा छापून प्रसिद्ध करायचा असेल तर ती सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच हवी. १९६१ च्या फौजदारी कायद्यात १९९० साली झालेल्या दुरुस्तीनुसार तसे न करणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. स्मरणिकांच्या संपादकांनीही हे ध्यानात ठेवावे.

आपल्यासाठी

पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आपल्यासारख्यांना ‘तुमचे गाव कोणते?’ हा प्रश्न नेहमीच थोडा अडचणीचा असतो. आडनाव कोकणातले, कुलदैवत देशावरचे, भाषा घरी मराठी आणि दारी गुजराती, जन्म मांडवीजवळचा. छापील नकाशावर या साऱ्याला एका बिंदूत बसवता येत नाही. पण नकाशा आपणच केला तर बसवता येते. कुलदैवताला जाणारी वाट दोऱ्याने शिवावी, सुरसागर मध्यभागी ठेवावा, आजोबांनी सोडलेले गाव जितके आठवते तितकेच काढावे आणि उरलेला कागद कोरा ठेवावा. तो कोरा भागही नकाशाच असतो.

मंडळाच्या पुढील स्नेहसंमेलनात सभागृहाच्या एका भिंतीवर दोरी बांधण्याची जबाबदारी मी आनंदाने घेतो. सभासदांनी सहकुटुंब आपापला एकेक नकाशा करून आणावा, अशी नम्र विनंती आहे. चित्रकला येत नाही ही सबब ग्राह्य धरली जाणार नाही. आपण सारेच आयुष्यभर केसपेपरवर पोटाची आकृती काढून ‘दुखते कुठे?’ असे विचारत आलो आहोत. हा प्रश्न एकदा जरा मोठ्या कागदावर, घरातल्या माणसांना विचारून पाहावा.